धबधब्याकडे निघालेला झगा

पाठीवर पिशवी टाकून एकट्याने देश हिंडावा असं माणसाला विशीत वाटतं. मला ते एक्कावन्नाव्या वर्षी वाटलं, आणि त्याला कारण आमच्या चिक्लायोच्या बसस्टँडवर बसलेली एक परदेशी पोरगी. शेजारी कपाटाएवढी पिशवी, पायात चिखलाने भरलेले बूट, हातात केळं, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की जगात ऑफिस नावाची वस्तू आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसावं. मी तिच्याकडे बघत उभा होतो. माझ्या हातात बायकोने सांगितलेली कोथिंबिरीची जुडी होती.

ती पोरगी धबधबा बघायला चालली होती. आमचाच धबधबा, डोंगरापलीकडचा, ज्याला तिकडची माणसं नुसतंच 'चोरेरा' म्हणतात. जर्मन येऊन बघून जातात, जपानी बघून जातात आणि मी, विल्मेर चाफ्लोके, जन्ममृत्यू नोंदणी खात्यातला वरिष्ठ कारकून, त्याला फक्त औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवर ओळखतो! त्यातही त्याचा वरचा अर्धा भाग दुकानदाराच्या नावाखाली गेलेला. मी तिथल्या तिथे ठरवलं, की आपण जायचं. एकट्याने, पिशवी टाकून, हलकं.

हा 'हलकं' शब्द कृपया लक्षात ठेवावा.

पहिली अडचण रजेची. साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"चाफ्लोके, कारणाच्या जागी हे काय लिहिलंय?"

"धबधबा, साहेब."

"धबधबा हे कारण होत नाही. आजारपण होतं, मयत होतं, कौटुंबिक समारंभ होतो. धबधबा तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही, साहेब."

"मग समारंभ लिहा आणि सुटा."

मी मान खाली घालून समारंभ लिहिला. सरकारी कागदावर खोटं लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ, हे इथे नमूद करतो. लोकांचे जन्म आणि मृत्यू मी नेहमी खरेच लिहीत आलोय.

दुसरी अडचण घरातली. माझी बायको इर्मा शाळेत शिकवते, त्यामुळे तिला यायला जमणार नव्हतं. "पण एकटे?" ती म्हणाली. "तुम्ही? आईला घेऊन जा."

मला वाटलं, एकाहत्तर वर्षांची बाई डोंगराचं नाव ऐकून घाबरेल. सासूबाईंनी खुंटीवरची एतेनची गवती टोपी काढली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "येते मी. जावईबापू दरीत पडले तर घरी येऊन सांगायला कोणीतरी हवं ना."

मी बाजारातून केशरी रंगाची एक भलीमोठी पिशवी आणली आणि सवय व्हावी म्हणून ती घालून घरात फिरू लागलो. त्यात दोन फुलदाण्या गेल्या. तिसऱ्या दिवशी तशीच घालून गल्लीत गेलो, आणि तिथे चूक झाली. आमच्या गल्लीत कोणी प्रवासाला निघालंय असं कळलं, की तो प्रवास त्या माणसाचा राहत नाही, गल्लीचा होतो.

शेजारचे अबेलार्दो जवळच्या पिमेंतेल गावच्या समुद्रकिनाऱ्यापलीकडे कधी गेलेले नाहीत. त्यामुळे डोंगराबद्दल त्यांना सगळं माहीत आहे. "छातीला वर्तमानपत्र बांधा. कांदा जवळ ठेवा, चक्कर आली की हुंगायचा. पायवाटेवर कोणी मागून हाक मारली तर वळून बघायचं नाही. धबधब्यात एक बाई राहते, ती पुरुषांना ओढून नेते."

"यांना?" सासूबाईंनी विचारलं. "ती बाई आंधळी आहे का?"

मग पार्सलं आली. कोपऱ्यावरच्या बाईंचा भाऊ पेद्रो रुइस गावात असतो, त्याच्यासाठी ओल्मोसच्या लिंबांची "जराशी" थैली. वाण्याच्या साडूसाठी खारवलेला मासा. कोणाच्या तरी मावसबहिणीसाठी किंगकाँग, म्हणजे आमच्याकडची ती पाटाएवढी मिठाई, जिचं वजनही पाटाएवढंच असतं. प्रत्येकजण म्हणत होता, "तुम्ही चाललाच आहात तर." आपल्याकडे या चार शब्दांना उत्तर नाही. नाही म्हणणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि पाहिला तर त्याच्या घरी मुलगी देणार नाही.

शेवटी फ्रेदेस्विंदाबाई आल्या. या आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाई. माझ्या आयुष्यातली एकूण एक पँट त्यांनी शिवलीय, त्यामुळे माझं पोट कोणत्या वर्षी किती होतं हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची एक प्रचंड सपाट पेटी आणि बडीशेपेच्या दारूची एक छोटी बाटली. त्या वेळी मी नवा बूट घालून बघत होतो आणि तो अडकला होता.

"विल्मेर," त्या म्हणाल्या, "माझी नात रोस्मेरी सान मेल्चोरला असते, चोरेराच्या पायथ्याशी. शनिवारी तिचं पंधरावं, वाढदिवसाचा सोहळा. संध्याकाळी सगळ्या गावासमोर वाल्स नाचायचाय. पोरीला आई नाही. हा झगा मी शिवलाय. माझ्या कमरेला पट्टा आहे, मला बसमध्ये बसवत नाही. मागे पार्सलने गोधडी पाठवली होती, ती दुसऱ्याच टोकाच्या गावात कोणीतरी पांघरून झोपलं. बाकी काय वाटेल ते हरवा. हा हरवू नका, भिजवू नका."

मग त्यांनी बाटली उघडली, पेल्यात ओतली आणि माझ्यासमोर धरली. मी एक बूट अडकलेल्या अवस्थेत तो पेला प्यालो. सासूबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शेजारधर्म म्हणून पाजताहेत असं मी समजलो. या समजुतीवर पुढे यायचंय.

त्या गेल्यावर सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी पाहिलाय तो झगा. चिक्लायोत झाडून सगळ्या पोरी गुलाबी घालतात, आणि हिने पांढरा शिवलाय! तोही दोन मजली. वर आखूड घेर आणि खाली हा लांबलचक. पण टाका, जावईबापू... टाका दिसतच नाही हो." सासूबाई दुसऱ्या बाईच्या कामाची स्तुती करतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

अशा रीतीने, हलकं जायचं म्हणून ठरवलेला मी पाठीवर लिंबं, पोटाशी मिठाई, खांद्यावर मासा आणि डोक्यावर झगा घेऊन बसमध्ये चढलो.

बस ओल्मोस ओलांडून पोर्कुया घाटात शिरली आणि पहाटे थांबली. पुढे रस्ता नव्हता. पावसाने अर्धा डोंगर रस्त्यावर आणून ठेवला होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, जांभई दिली आणि ओरडला, "ट्रान्सबोर्दो!" म्हणजे चिखल तुमचे तुम्ही चालत ओलांडा, पलीकडे अडकलेल्या बसमध्ये बसा, आणि त्या बसमधले लोक इकडे येतील.

इथे मला माझ्या देशबांधवांबद्दल दोन शब्द बोलायचेत. कोणी कुरकुर केली नाही. उजाडायच्या आत चिखलाच्या दोन्ही कडांना बाजार भरला होता. उकडलेली मक्याची कणसं, चीज, गरम काढा, आणि पाय धुवायला पाण्याची बादलीसुद्धा. या बायका कुठून आल्या? डोंगर पडायची वाट बघत होत्या का? मी त्या कणीसवालीला विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही भुकेले असाल ना, म्हणून आलो." मला भरून आलं. मी दोन कणसं घेतली आणि तिने तिसरं वर घातलं.

ओलांडायला निघालो. पेटी डोक्यावर, दोन्ही हात वर. सासूबाई पुढे, फ्रॉक गुडघ्यापर्यंत खोचलेला, काठीने चिखल चाचपत. "इथे टाका. इथे नको. इथे टाका म्हटलं ना!" मधोमध माझा डावा बूट चिखलाने मागून घेतला. मी तो परत मागितला, आणि त्या ओढाताणीत बसलो. अगदी ऐसपैस बसलो. बूट चिखलाकडेच राहिला. पँटची शिवण मागून उसवल्याचा आवाज दोन्ही बसमधल्या प्रवाशांनी ऐकला. पण माझे हात? हात वर होते! पेटीला चिखलाचा थेंब लागला नव्हता. पलीकडून एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आयुष्यात मला मिळालेल्या टाळ्या त्या एवढ्याच, आणि त्या मी बसलेल्या स्थितीत स्वीकारल्या.

पेद्रो रुइसला लिंबं, मासा आणि मिठाई ज्यांची त्यांना पोचवली. त्या बदल्यात प्रत्येक घरी जेवावं लागलं, त्यामुळे वजन तेवढंच राहिलं, फक्त पिशवीतून पोटात गेलं. शनिवारी सकाळी आम्ही सान मेल्चोरच्या फाट्यावर पोचलो, तर रस्त्यावर दगडांची रांग, फलक आणि एक मोठं पातेलं. पूल मागायला गावकऱ्यांनी रस्ता रोखला होता. सोमवारपर्यंत एकही गाडी जाणार नाही.

मी पुढाऱ्याला माझं पद सांगितलं, ओळखपत्र दाखवलं. त्याने ते वाचून आदराने परत दिलं. "वरिष्ठ कारकून आहात, सेन्योर. पण गाडी जाणार नाही."

सासूबाई मात्र पातेल्याशी गेल्या. तिथे बायका बटाटे सोलत होत्या. सासूबाईंनी न विचारता एक चाकू उचलला आणि बटाटे सोलायला बसल्या. सोलता सोलता म्हणाल्या, "आमच्याजवळ एक झगा आहे बाई. पंधराव्याचा. आज संध्याकाळचा."

सगळे चाकू थांबले. "कोणाचा?"

"रोस्मेरीचा. आई नाही त्या पोरीला."

पातेल्याभोवती कुजबूज झाली. पुढाऱ्याला बोलावण्यात आलं. त्याच्या बायकोने त्याच्याशी काहीतरी बोलणं केलं, जे करताना तिच्या हातात चाकू होता. पुढारी परत आला आणि घसा साफ करून म्हणाला, "रस्ता बंद म्हणजे बंद. पण बंद गाड्यांना आहे. झग्याला नाही." मग त्याने तोड काढली. वरच्या गावापर्यंत चढून जायचं आणि तिथून चोरेराजवळच्या पायवाटेने सान मेल्चोरला उतरायचं. सोबत त्याचा चुलता अर्तेमियो आणि चुलत्याचा घोडा.

मी घोडा पाहून म्हणालो, "बसा, आई. तुमचं वय झालंय."

"घोडा झग्याला," सासूबाई म्हणाल्या. "मला पाय आहेत."

तर असा आमचा ताफा निघाला. सगळ्यात पुढे घोड्यावर झगा, मागे अर्तेमियो, त्याच्या मागे कधी नव्हे त्या वेगाने सासूबाई, आणि खूप मागे, छातीला वर्तमानपत्र बांधलेला, पँट दोरीने आवळलेला, कांदा हुंगत मी. दर वळणावर सासूबाई थांबायच्या. थकल्या म्हणून नव्हे, मी दिसेपर्यंत. एकदा वर बघून मी म्हणालो, "आई, गुडघे दुखत नाहीत?"

"दुखतात की."

"मग?"

"मग काय? ते दुखतात, मी चालते."

त्या क्षणी मला माझ्या बायकोबद्दल अनेक गोष्टींचा उलगडा झाला. आणि खरं सांगतो, टोपीखालच्या त्या पांढऱ्या वेणीकडे बघताना मला अभिमान वाटला. ही माझी सासू आहे असं त्या डोंगराला ओरडून सांगावंसं वाटलं, पण दम नव्हता.

दुपार कलल्यावर गडगडाट ऐकू येऊ लागला. अर्तेमियो थांबला. "पुढे वाट अरुंद आहे, घोडा जात नाही. चोरेरा दोन उड्या मारतो, वरची लहान, खालची मोठी. आपण दोहोंच्या मधून जायचं."

पेटी माझ्या पाठीवर बांधली गेली. तिच्यावर माझा रेनकोट, माझी टोपी आणि सासूबाईंची शाल. माझ्यावर काही नाही. आम्ही त्या वाटेत शिरलो तसं सगळं पांढरं झालं. ढग आणि तुषार यांत फरक उरला नाही.

"कुठाय?" मी ओरडलो.

"काय?"

"धबधबा!"

"हा काय समोर!" अर्तेमियोने हात केला. मला त्याचा हातसुद्धा कोपरापर्यंतच दिसला.

मी एक क्षण थांबलो. यासाठीच तर निघालो होतो! रजा, पिशवी, फुलदाण्या, सगळं यासाठी. ढग हलेल, थोडं थांबू, असं मनात आलं. तेवढ्यात पाठीवरच्या पुठ्ठ्यावर टपटप आवाज झाला. रेनकोटची कड उडाली होती. भिजवू नका, असं त्या म्हणाल्या होत्या. मी वाकलो, पेटी आणखी वर घेतली आणि खाली मान घालून पळत सुटलो. ज्या धबधब्यासाठी लोक समुद्र ओलांडून येतात, त्याच्या पोटाखालून मी फक्त माझे बूट बघत गेलो. एक बूट आणि एक मोजा, असं म्हणायला हवं.

सान मेल्चोरच्या चौकात पोचलो तेव्हा दिवे लागत होते. बँड कोपऱ्यात वाद्यं पुसत होता. बाकांवर सगळं गाव. चर्चच्या पायरीवर शाळेच्या गणवेशात एक मुलगी बसली होती, केसांत फुलं आणि अंगात गणवेश. तिचा बाप शेजारी उभा राहून तिला काहीतरी समजावत होता, आणि ती समजूतदारपणे मान हलवत होती. ती मान मला बघवली नाही.

तिने आम्हाला पाहिलं, पेटी पाहिली आणि उठली. पळत आली नाही. दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. मग तिचा बाप ओरडला, "पाद्रीनो आला! झग्याचा पाद्रीनो आला!" बँड एकदम वाजू लागला, कोणीतरी फटाका उडवला आणि चारपाच माणसांनी मला मिठी मारली.

मी सासूबाईंना बाजूला घेतलं. "पाद्रीनो? मी? मी फक्त पार्सल आणलंय!"

"बाटली घेऊन कोण आलं होतं? पेला कोण प्यालं?"

"तो शेजारधर्म होता!"

"जावईबापू, पेला हातात देऊन मागणं घातलं आणि तुम्ही प्यालात. याला आपल्याकडे काय म्हणतात, हे तुम्हाला एक्कावन्नाव्या वर्षी मी सांगू? या गावात जो झगा स्वतःच्या हाताने आणतो तोच झग्याचा पाद्रीनो. आता हिचे तुम्ही धर्मपिता. तिचा बाप तुमचा कोंपाद्रे, मानलेला भाऊच. जन्मभर."

"तुम्हाला माहीत होतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरातून निघालाच नसता."

पेटी उघडली गेली. सगळ्या बायका पुढे वाकल्या. कोरडा! एकही डाग नाही, एकही सुरकुती नाही. मी तिथल्या बाकावर बसलो आणि, लपवत नाही, माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं पाद्रीनो भावुक आहे. त्यांनी मला उसाची दारू दिली. या वेळी मी पेला घेण्याआधी विचारलं, "यात कोणाचं बारसं वगैरे नाही ना?"

रोस्मेरी झगा घालून बाहेर आली. वाल्स सुरू झाला. पहिला बापाबरोबर, दुसरा झग्याच्या पाद्रीनोबरोबर. मला नाचता येत नाही. एका पायात बूट आणि दुसऱ्यात कोंपाद्रेने दिलेली चप्पल, पँटला दोरी. सासूबाई कडेला उभ्या राहून टाळीवर ताल धरत होत्या. मी गोल फिरलो.

आणि त्या फेरीत, पोरीच्या खांद्यावरून, ढग उचलला गेला.

सबंध डोंगर समोर होता आणि त्यावरून तो पडत होता. वर एक आखूड उडी, मग एक पायरी, मग खाली लांबच लांब पांढरा घेर, वाऱ्याने जरासा एका बाजूला गेलेला. फेरी पुढे गेली, तो नजरेआड झाला आणि समोर रोस्मेरी आली. वर आखूड, मग एक पट्टी, मग खाली लांबच लांब पांढरा घेर, वळताना जरासा एका बाजूला गेलेला.

माझा ताल चुकला. मी तिच्या पायावर पाय दिला.

"कुठे बघताय, पाद्रीनो?"

"चोरेराकडे. आणि तुझ्याकडे."

"तो रोजच असतो," ती हसून म्हणाली. "आज माझ्याकडे बघा."

मग मी तिच्याकडेच बघितलं. गाणं संपेपर्यंत.

बुधवारी साहेबांनी विचारलं, "काय चाफ्लोके, समारंभ झाला?" मी छाती पुढे काढून म्हणालो, "झाला, साहेब. माझ्या मानलेल्या मुलीचा." सरकारी कागदावर मी आजवर खोटं लिहिलेलं नाही.

फ्रेदेस्विंदाबाईंकडे मात्र आदल्या दिवशीच, पोचल्या पोचल्या गेलो होतो. कॉफीची गोणी, चीज आणि नातीने पाठवलेली जिवंत कोंबडी त्यांच्या दारात ठेवली. त्यांनी झग्याचं काही विचारलं नाही. कमरेचा पट्टा सावरत माझ्याकडे बघत राहिल्या.

"चोरेरा दिसला का रे?" त्यांनी विचारलं. "मी लग्न होऊन इकडे आले त्यानंतर नाही पाहिला."

सबंध वाटेत मी त्यांना सांगायला भाषण तयार केलं होतं. त्यातलं काही आठवेना.

"पाठीवरच होता, बाई," मी म्हणालो. "मला उशिरा कळलं."

त्यांनी डोळे पुसले, गळ्यातली टेप काढली आणि माझ्यामागे येऊन माझ्या पँटवरची दोरी बघितली.

"काढ ती आणि दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी पोट आत न ओढता उभा राहा."